रोहिणीचा आठवडा आणि धरणाचे पाणी

हिंगोली जिल्ह्यात मे महिन्याचा शेवटचा आठवडा हवेच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत चंचल काळ असतो. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो आणि 7-8 जूनला मृगात जातो. शेजारच्या विदर्भात रोहिणीच्या पहिल्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात. याच दिवसांत कोरडे ऊन, घामट उकाडा, धुळीचा लोट आणि वळवाचा पाऊस असे सगळे आठ-दहा दिवसांच्या अंतरात येऊन जाते. कयाधूकाठचे नरसी नामदेव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तिथे या दिवसांत नदीचे पात्र बहुधा उघडे पडलेले असते, पण आसपासच्या मुलखात मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरचे तीन मोठे जलाशय आहेत: पूर्णा नदीवरचे येलदरी, त्याच्याच खाली औंढा नागनाथ तालुक्यातले सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरचे इसापूर. त्यांचा उपयुक्त साठा अनुक्रमे सुमारे 810, 81 आणि 964 दशलक्ष घनमीटर. एवढे पाणी जवळ असताना तिथली हवा कशी वागते आणि पाण्याचे काय होते, हे या आठवड्यात फार स्पष्ट दिसते.

उष्णतेचे मूळ कारण सूर्याच्या उंचीत आहे. नरसीचा अक्षांश साधारण पावणेवीस अंश उत्तर. त्यामुळे 19-20 मेच्या सुमारास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी सव्वाबारानंतर थोड्याच वेळात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य डोक्यावरून पुन्हा जातो तो जुलैच्या उत्तरार्धात, पण तेव्हा ढग असतात. मेमध्ये मात्र आकाश मोकळे आणि जमीन कोरडी. काळी माती ऊन चांगले शोषते आणि ओल नसल्यामुळे ती उष्णता बाष्पीभवनात खर्च होत नाही, सरळ हवा तापवण्याच्या कामी येते. भेगाळलेल्या रानात दुपारी मातीचा पृष्ठभाग हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापलेला असतो. मग वावटळी उठतात आणि पाचोळा गरगरत वर जातो.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश असेल आणि सरासरीपेक्षा ते 4.5 अंश किंवा अधिक चढले, तर ती उष्णतेची लाट. मराठवाड्यात मेअखेरची सरासरीच चाळिशीच्या पुढे असते. म्हणून 42 अंशांचा दिवस अंगाची लाही करत असला तरी कागदोपत्री तो लाटेचा ठरत नाही. ही व्याख्या उत्तम आहे, पण ती केवळ तापमान पाहते, आणि रोहिणीतला त्रास ठरतो तो आर्द्रतेवर.

आठवड्याच्या सुरुवातीला वारा सहसा वायव्येकडून येतो. तो राजस्थान-मध्य प्रदेशातली कोरडी हवा आणतो. समजा दुपारी 42 अंश तापमान आणि 15 टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. या हवेचा दवबिंदू साधारण 10 अंश येतो आणि ओल्या फडक्याच्या तापमापकावर 22 अंशांच्या आसपास तापमान दिसते. घरातला वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर हेच तत्त्व वापरतो. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेते, म्हणून या दिवसांत तो छान चालतो. पुढे दोन-तीन दिवसांत वारा फिरतो. विदर्भापासून मराठवाड्यामार्गे कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत कमी दाबाचा लांबट पट्टा तयार होतो आणि त्याच्याकडे बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून बाष्प येऊ लागते. तापमान 38 वर उतरते, आर्द्रता 35 टक्क्यांवर चढते. आकड्यात ऊन चार अंशांनी उतरले, तरी ओल्या तापमापकाचा आकडा 26 च्या आसपास गेलेला असतो. कूलर आता गार वारा देत नाही, नुसती ओल देतो. घाम वाळत नाही. ‘गदगदतंय, पाऊस येणार’ हे गावातले वाक्य म्हणजे दवबिंदू दहा अंशांनी चढल्याची नोंदच असते.

त्या चढलेल्या दवबिंदूचा परिणाम ढगांच्या तळावर होतो. वर चढणारी हवा थंड होत जिथे दवबिंदूला पोहोचते, तिथे ढगाचा तळ बनतो. तापमान व दवबिंदू यांच्यातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे ही उंची सुमारे सव्वाशे मीटर वाढते. कोरड्या दिवशी फरक 32 अंशांचा, म्हणजे तळ चार किलोमीटरवर. दमट दिवशी फरक 18 अंशांचा, म्हणजे तळ सव्वादोन किलोमीटरवर. चार किलोमीटर उंचीवरून निघालेले थेंब वाटेतच विरतात. क्षितिजावर ढगाखाली लोंबणाऱ्या करड्या झालरी दिसतात आणि अंगणात एक थेंब पडत नाही, तो हाच प्रकार. पण विरणारे थेंब हवा गार करतात, गार हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे फाकते. पावसाआधी येणारा धुळीचा लोट हा या कोसळलेल्या हवेची पुढची कड असतो. वसमत-कळमनुरी भागातल्या केळीच्या बागा मोडतात, टिनपत्रे उडतात, त्यात पावसाच्या पाण्यापेक्षा या वाऱ्याचा हात मोठा असतो.

हळदीचे नुकसान मात्र पाणीच करते. हिंगोली-वसमतची हळद राज्यभर नावाजलेली आहे. काढलेली हळकुंडे शिजवून उघड्या माळावर पसरतात, आणि उशिराची हळद मेमध्येही वाळत असते. अर्धवट वाळलेल्या हळकुंडावर पाऊस पडला की रंग उतरतो आणि बुरशी धरते. म्हणून पश्चिमेला ढग दिसू लागले की ताडपत्री हाताशी ठेवावी लागते.

गारांची भीती मेमध्ये थोडी कमी असते. हवेचे तापमान शून्य अंशावर येणारी पातळी या काळात साधारण पाच किलोमीटरवर असते, त्यामुळे लहान गारा खाली येईपर्यंत वितळतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपणाऱ्या गारपिटीच्या वेळी ऋतू वेगळा होता. वीज मात्र रोहिणीतच अधिक धोक्याची. ढगाच्या मधल्या भागात बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात, आणि उंच, जोमदार ढगांत हे वेगाने घडते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दहा सेकंदांच्या आत आवाज आला तर ढग फार जवळ आहे. जलाशयाच्या उघड्या काठावर जनावरे राखणारा किंवा जाळे ओढणारा माणूस हाच आसपासचा सर्वांत उंच बिंदू ठरतो, हे लक्षात घ्यायला हवे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. धरणकाठच्या प्रत्येक वस्तीत ते कुणाच्या तरी फोनवर असावे.

आता धरणाच्या पाण्याकडे. ‘धरण झाल्यापासून आमच्याकडे पाऊस वाढला’ असे पाणलोटातल्या गावांत ऐकू येते. जलाशय आपल्या काठावरची हवा बदलतो, यात शंका नाही. पाण्याची उष्णता धरण्याची क्षमता मातीच्या काही पटींनी जास्त असल्याने दुपारी पाण्याचा पृष्ठभाग जमिनीपेक्षा खूप थंड राहतो आणि शांत दिवशी काठावर पाण्याकडून हलकी झुळूक येते. रात्री झुळकेची दिशा उलटते. पण या झुळकेची धाव काही किलोमीटरची असते आणि मेअखेरचा जोरदार पश्चिमी वारा सुटला की ती दिसतसुद्धा नाही. येलदरीवरून उडालेले बाष्प ताशी पंचवीस किलोमीटरच्या वाऱ्याने तीन-चार तासांत नांदेड-यवतमाळच्या दिशेने निघून जाते. नरसीवर कोसळणारा वळीव हजारो चौरस किलोमीटरवर पसरलेल्या सागरी बाष्पातून येतो. त्यात जलाशयाचा वाटा नगण्य असतो.

उलट या आठवड्यात आकाश जलाशयाकडून घेते ते फार मोठे असते. बाष्पीभवन मोजण्यासाठी हवामान केंद्रात सुमारे 1.2 मीटर व्यासाचे, 25 सेंटिमीटर खोलीचे गोल उथळ पात्र असते. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर तारेची जाळी बसवतात आणि रोज सकाळी किती पाणी उडाले ते पाहतात. पात्राचे पाणी लवकर तापते, म्हणून जलाशयासाठी हा आकडा साधारण 0.7 ने गुणतात. मेच्या एखाद्या वाऱ्याच्या दिवशी पात्रातून 12 मिलिमीटर पाणी गेले, तर जलाशयातून सुमारे 8 मिलिमीटर जाईल. एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावरचे 8 मिलिमीटर म्हणजे 80 लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या मापाने पाच हजार वस्तीच्या गावाला हे पाणी जवळपास महिनाभर पुरेल. ते एका दिवसात, एका चौरस किलोमीटरवरून जाते. पाऊस किती पडला याचे आकडे तालुकावार रोज छापले जातात. उडालेल्या पाण्याचे आकडेही तितक्याच ठळकपणे लोकांपुढे यायला हवेत, विशेषतः उन्हाळी आवर्तनाचे दिवस ठरवताना. पाणी थोडे आणि उथळ उरले की साठ्याच्या मानाने पृष्ठभाग मोठा राहतो आणि बाष्पीभवनाचा वाटा वाढत जातो.

वळवाच्या दोन-तीन सरी या तुटीची भरपाई करत नाहीत. दिवसभरात 2.5 मिलिमीटर पाऊस झाला तर हवामान विभाग तो पावसाचा दिवस धरतो. 20 मिलिमीटरची दमदार सरसुद्धा काळ्या मातीच्या भेगांतच मुरते आणि ओढा वाहत नाही. सरीने दोन दिवस गारवा येतो, जमिनीची ओल उडण्यात ऊन खर्च होते आणि कमाल तापमान पाच-सहा अंशांनी उतरते. ओल संपली की पारा पुन्हा चढतो आणि तोच क्रम नव्याने सुरू होतो.

2025 साली हा क्रम मोडला. मोसमी पाऊस केरळात 1 जूनऐवजी 24 मे रोजी पोहोचला आणि मुंबईत 26 मे रोजी, म्हणजे तिथल्या नेहमीच्या 11 जूनच्या तारखेआधी सोळा दिवस. राज्यभर मे महिना विलक्षण ओला गेला आणि रोहिणी तापण्याऐवजी भिजली. त्यानंतर मात्र मोसमी वाऱ्यांची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडखळली. लवकर आलेल्या पावसावर पेरणीची घाई करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला अशा वर्षी फार मोलाचा ठरतो.

येलदरी भरते ते मात्र रोहिणीच्या पावसाने नव्हे. पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात, बुलढाणा जिल्ह्यात, खडकपूर्णा धरण आहे. आधी भेगा मिटतात, मग ओढे वाहू लागतात, पुढे खडकपूर्णा भरते आणि त्याचा विसर्ग येलदरीत येतो. तिथून वीजगृहातून सोडलेले पाणी सिद्धेश्वरात आणि पुढे कालव्यांना जाते. ही साखळी सुरू व्हायला सहसा जुलै-ऑगस्ट उजाडतो.