पिवळा धोतरा: ओळख आणि गल्लत

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर सोसायट्यांच्या मधले मोकळे प्लॉट आणि पायासाठी उकरलेल्या मातीचे ढीग हीच पिवळ्या धोतऱ्याची आवडती जागा. महाराष्ट्रातल्या पडीक रानांतही तो भरपूर दिसतो. त्याच्याबद्दलच्या काही समजुती मात्र जिवावर बेतू शकतात.

गैरसमज: हा धोतऱ्याचाच एक प्रकार.
वस्तुस्थिती: काटेरी बोंडामुळे ही गल्लत होते. धोतरा वांग्या-मिरचीच्या कुळातला, त्याचं फूल कर्ण्यासारखं एकसंध. पिवळा धोतरा, म्हणजे आर्जेमोन मेक्सिकाना, अफूच्या कुळातला आणि मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या पाकळ्या सुट्या, बहुधा सहा. काटेरी पानांवर शिरांलगत पांढरट पट्टे असतात आणि देठ मोडला की पिवळा चीक येतो.

गैरसमज: कुळ अफूचं, म्हणजे यातूनही अफू निघते.
वस्तुस्थिती: यात अफूतलं मॉर्फीन नसतं. अफूच्या झाडाला काटे नसतात. त्याचा चीक पांढरा, पाकळ्या चार आणि गुळगुळीत बोंडावर चकतीसारखा मुकुट. ते झाड शेतात पिकवलं जातं, तेही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत, सरकारी परवान्यानेच.

गैरसमज: बागेतली लाल पॉपी म्हणजे अफूच.
वस्तुस्थिती: फुलापेक्षा पान पाहा. अफूचं पान रुंद, निळसर आणि खोडाला बिलगलेलं असतं. बागेतल्या लाल कॉर्न पॉपीची पानं चिरलेली, देठांवर राठ लव. केशरी कॅलिफोर्निया पॉपीच्या कळीवरची टोपी अख्खी गळते आणि झाडाला बोंडाऐवजी लांब, बारीक शेंग धरते.

गैरसमज: पिवळ्या धोतऱ्याचं बी मोहरीसारखं दिसतं, थोडं मिसळलं तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती: १९९८ मध्ये दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने ६०हून अधिक माणसं दगावली. त्यातल्या सँग्विनरिनसारख्या विषांमुळे पाय सुजतात, हृदय कमजोर होतं, काचबिंदूही होऊ शकतो. भिंगाखाली या बियांवर खोल, ठळक जाळी दिसते. मोहरीचा दाणा त्यामानाने गुळगुळीत असतो.

म्हणून रंगावर विसंबू नका. चीक, पान, बोंड आणि जागा या चारही खुणा जुळवून पाहा. मोहरीचं तेल सुटं न घेता सीलबंदच घ्या. आणि डोळे आले की पिवळ्या धोतऱ्याचा चीक घालण्याचा जुना घरगुती उपाय कुणी सुचवला, तर तो ठामपणे नाकारून सरळ डॉक्टर गाठा.