न निवडलेला सरसेनापती

२५ सप्टेंबर १९५३. कोरियातल्या निर्लष्करी पट्ट्यात भारतीय सैन्याच्या ताब्यात असलेल्या चिनी युद्धकैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या वाड्यात ओढून नेले आणि ओलीस धरले. काटेरी तारांच्या आत खवळलेले शेकडो कैदी होते. बाहेर भारतीय जवान बंदुका रोखून उभे होते. गोळी सुटली असती तर आतला अधिकारी पहिल्यांदा मेला असता. त्याच्या मागोमाग कैदी मेले असते आणि युद्धविरामाचा सगळा डोलारा कोसळला असता. अशा वेळी या सैन्याचा सेनापती मोजकी माणसे घेऊन कुंपणाच्या आत गेला. बोलला, ऐकून घेतले, ठाम राहिला, आणि आपला अधिकारी जिवंत परत घेऊन आला. त्याबद्दल त्याला अशोकचक्र, वर्ग दोन मिळाले. आज आपण त्याला कीर्तिचक्र म्हणतो.

ते होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरचे. लष्करात सगळे त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणत. कोल्हापूर परिसरातल्या जुन्या मंडळींना ते ‘जनरलसाहेब’ म्हणूनच ठाऊक होते. त्यांच्याबद्दल लिहिताना कोरियातली ही गोष्ट सांगून थांबण्याचा मोह होतो, कारण ती आहेच तशी थरारक. पण त्यांचे आयुष्य नीट पाहिले तर त्याच्या मध्यभागी एक वेगळाच शब्द येऊन बसतो : निवड. कोणाला निवडायचे, कशावरून निवडायचे, आणि निवडणाऱ्याने डोळे मिटून घेतले तर त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न त्यांना तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पुन्हापुन्हा भेटले.

पहिली निवड इंग्रजांची. थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६चा. पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी मुलांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा ठेवल्या गेल्या होत्या. एवढ्या मोठ्या देशातून दहा! तिथून थोरात १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले. पण दार उघडले म्हणजे ओसरीवर बसू दिले असे नव्हे. हिंदी अधिकाऱ्यांसाठी मोजक्या पलटणी ठरवून ठेवल्या होत्या. गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी माणसाच्या हाताखाली काम करावे लागू नये, हा त्यामागचा हिशेब होता. हिंदी माणूस शूर असतो हे इंग्रज मान्य करीत. तो पलटण चालवू शकतो हे त्यांनी मान्य करायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले.

त्या शंकेचे उत्तर मिळाले जानेवारी १९४५ मध्ये, आराकानात, कांगॉ नावाच्या गावापाशी. ब्रह्मदेशाच्या या किनाऱ्यावर समुद्र सरळ येऊन थांबत नाही. भरती-ओहोटीच्या खाड्या तिवरांच्या जंगलातून आत शिरतात आणि गुडघा-गुडघा चिखल करून ठेवतात. माघार घेणाऱ्या जपानी फौजेचा रस्ता कांगॉवरून जात होता आणि तो तोडायचा होता. २२ जानेवारीला ब्रिटिश कमांडो उतरले, पाठोपाठ पंचविसाव्या हिंदी डिव्हिजनची ५१वी ब्रिगेड आली. या ब्रिगेडचा प्रमुख इंग्रज होता, पण तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. कोडगूचे थिमय्या, बंगालचे लायोनेल प्रतीप सेन आणि कोल्हापूरचे थोरात. एका ब्रिगेडमध्ये तीन हिंदी पलटणप्रमुख लढाईला उभे आहेत, असे चित्र तोवर कोणी पाहिलेले नव्हते. जपान्यांनी धरून ठेवलेल्या एका डोंगराला नकाशावर ‘मेलरोज’ हे सांकेतिक नाव दिले होते. २९ जानेवारीला थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने तो घेतला. शेवटचे अंतर संगिनींनी तोडले गेले. कांगॉच्या लढाईसाठी थिमय्या, सेन आणि थोरात या तिघांनाही डी. एस. ओ. हे मानाचे पदक मिळाले.

ही तीन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. सतरा वर्षांनी दुसऱ्याच डोंगरांवर ती पुन्हा एकत्र दिसणार आहेत.

आता कोरियाकडे परत येतो, कारण तिथले काम कांगॉपेक्षा अवघड होते असे माझे मत आहे. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला, तेव्हा सगळ्यांत चिवट वाद होता युद्धकैद्यांचा. साडेबावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी मायदेशी जायला नकार देत होते. उलट बाजूला असे ३५९ जण होते. खरोखर त्यांची इच्छा काय, हे प्रत्येकाला विचारायचे ठरले. त्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष थिमय्या होते, आणि कैद्यांचा ताबा थोरातांच्या भारतीय संरक्षक दलाकडे होता. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर एवढा रोष होता की त्यांनी भारतीय जवानाचे पाऊल आपल्या जमिनीवर पडू दिले नाही. इंचॉन बंदराजवळ जहाजांवरून आपली माणसे थेट हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. जवानांनी तिथे छावणी उभारली आणि तिला नाव दिले ‘हिंद नगर’.

शिपायाला शत्रू दाखवा, तो लढतो. इथे शत्रू कोणीच नव्हता आणि प्रत्येक जण शत्रूसारखा वागत होता. वाड्यावाड्यांत कैद्यांचे पुढारी होते, त्यांची दहशत होती. परत जाण्याची इच्छा नुसती बोलून दाखवणाऱ्याचा जीव धोक्यात येई. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगे उसळले तेव्हा आपल्या जवानांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. जगभर बोंब झाली. एका बाजूला भारतीय क्रूर वाटले, दुसऱ्या बाजूला कुचकामी. थोरातांनी ठरवले ते एवढेच की कैद्याची निवड कैद्याने करायची. आपण फक्त तिचे दार राखायचे. विचारपूस १५ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २३ डिसेंबरला मुदत संपली, तोवर बहुसंख्य कैद्यांना तंबूत आणून विचारणेही झाले नव्हते. हे अपयश नोंदवायलाच हवे. पण त्याचा दोष दाराशी उभ्या असलेल्या पाच-सहा हजार भारतीय जवानांवर टाकता येत नाही. जानेवारी १९५४ मध्ये कैदी सोडले गेले. ८८ जणांनी दोन्ही बाजूंना नकार देऊन तिसऱ्या देशाची वाट धरली. ते आपल्याच दलाबरोबर जहाजाने मद्रासला आले. रखवालदाराच्या देशात जायला कैदी तयार होतो, याहून मोठे प्रशस्तिपत्र संरक्षक दलाला कोणते मिळाले असते?

मायदेशी परतल्यावर थोरात आधी सेनामुख्यालयात होते आणि मग १९५७ मध्ये पूर्व विभागाचे प्रमुख झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला होते. इथे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम झाले, आणि ते बंदुकीने नाही तर कागदावर झाले.

२५ ऑगस्ट १९५९ रोजी लाँगजू येथे चिनी सैन्याने भारतीय चौकीवर गोळीबार केला. तीन दिवसांनी पंडित नेहरूंनी संसदेत सांगितले की ईशान्य सीमा यापुढे लष्कराच्या हाती राहील. म्हणजेच थोरातांच्या हाती. भूतानपासून ब्रह्मदेशापर्यंतची हिमालयाची ही बाजू. पलीकडे तिबेटचे पठार, जिथे गाड्या सीमेजवळ येतात. अलीकडे उभे डोंगर, जंगल, पाऊस आणि बहुतेक ठिकाणी पायवाटासुद्धा नाहीत. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी आपले टिपण वर पाठवले. त्यातला विचार कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असा सरळ होता. बांधावर उभे राहून सगळे शेत राखता येत नाही. सीमारेषेवर फक्त लहान चौक्या ठेवा. शत्रू आला की त्यांनी खबर द्यावी, त्याला जमेल तितके थोपवावे आणि मागे यावे. खरी लढाई आपल्या सोयीच्या जागी, बोमडिलासारख्या ठिकाणच्या रेषेवर द्यावी. तोवर चिनी फौजेच्या पाठीमागची रसद ताणलेली असेल आणि आपली जवळ असेल. पण त्यासाठी रस्ते हवेत, सैन्य वाढवायला हवे आणि हे आताच सुरू करायला हवे.

१७ मार्च १९६० रोजी लखनौला त्यांनी याच गृहीतकावर मोठा युद्धसराव घेतला. नाव ठेवले ‘लाल किला’. निष्कर्ष तोच निघाला : आहे त्या बळावर चीनचा हल्ला सीमेवर थोपवता येणार नाही. सरसेनापती तेव्हा थिमय्या होते. त्यांनी थोरातांच्या योजनेला पाठिंबा देऊन ती संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवली. मेनन यांनी ती बाजूला सारली. चीन हल्ला करील हेच त्यांना पटत नव्हते.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यावेत अशी त्यांनी शिफारस केली होती. सरकारने प्राणनाथ थापर यांना निवडले. ज्येष्ठतेत थापर पुढे होते हे खरेच आहे, आणि त्या निवडीला नियमाचा आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. पण चीनच्या सीमेवर दोन वर्षे डोके खपवलेला माणूस त्याच क्षणी घरी पाठवला गेला, हेही तितकेच खरे आहे. थोरात त्याच महिन्यात निवृत्त झाले आणि कोल्हापूरला परतले. पुढे नोव्हेंबर १९६१ मध्ये सीमेवर पुढे पुढे चौक्या मांडत जाण्याचे धोरण ठरले, म्हणजे थोरातांच्या कागदाच्या नेमके उलटे.

२० ऑक्टोबर १९६२ला काय झाले ते महाराष्ट्राला सांगायला नको. नामका चूच्या काठी, सीमेला चिकटून खाली बसवलेली ७वी ब्रिगेड सकाळच्या काही तासांत संपली. महिनाभरात बोमडिला पडले. पूर्व विभागाचे प्रमुख होते ले. ज. सेन, कांगॉच्या त्या तिघांपैकीच एक. आघाडीवरच्या कोअरचे प्रमुख होते ब्रजमोहन कौल, जे कोरियात थिमय्यांच्या आयोगात त्यांचे सहकारी होते. माणसे तीच, एकमेकांना ओळखणारी. कागद तयार होता. नव्हती ती तो वाचण्याची तयारी.

पराभवाच्या त्या दिवसांत नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावले. थोरातांनी आत्मचरित्रात ही भेट लिहून ठेवली आहे. आपली जुनी योजना त्यांनी पंतप्रधानांना सांगितली, तेव्हा ती आपल्याला पूर्वी दाखवली कशी नाही, असा प्रश्न नेहरूंना पडला. त्याचे उत्तर मेनन यांच्याकडे आहे, असे थोरातांनी सांगितले. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्या आणि थोरात दोघांनाही घेतले गेले. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो आणि म्हणावे. पण सह्याद्रीचा एक माणूस त्याआधी तीन वर्षे हिमालयाच्या बाजूने बोलत होता, हे त्याच अभिमानाने सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

दुसरा एखादा माणूस कडवट झाला असता. थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. सरकारातल्या अधिकाऱ्यांची भरती हे या आयोगाचे काम : उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, अभियंते. राज्यघटनेने आयोगाला सरकारपासून जाणूनबुजून अंतर दिले आहे. राज्य आयोगाच्या अध्यक्षाला पद सोडल्यावर दुसऱ्या लोकसेवा आयोगावर जाता येते, पण सरकारात दुसरी नोकरी घेता येत नाही, ते एवढ्यासाठीच की त्याला कोणाच्या मर्जीची गरज पडू नये. ज्याच्या स्वतःच्या बाबतीत ज्ञानाला आणि अनुभवाला निवडीत वजन मिळाले नाही, तो माणूस आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांची निवड करीत होता. १९६० साली जन्मलेल्या नव्या राज्याला प्रशासन उभे करायचे होते. रणांगणावर माणसे पारखलेला अध्यक्ष त्याला लाभला हे महाराष्ट्राचे भाग्य.

घराबद्दल फार लिहीत नाही. लष्करी माणसाचे घर बहुतेक वेळा त्याच्या पत्नीने सांभाळलेले असते, आणि त्या कष्टांची नोंद पदकांच्या यादीत कुठेच नसते. पण सार्वजनिक कामाचा वारसा त्या घरात टिकला हे सर्वांना दिसते. चिरंजीव यशवंत थोरात नाबार्डचे अध्यक्ष झाले आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात राहून मराठीत लिहीत राहिले. सूनबाई उषा थोरात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर झाल्या. वडील शिपाई, मुलगा शेतीच्या पतपुरवठ्यात, सून देशाच्या मध्यवर्ती बँकेत : पगार सरकारचा आणि काम लोकांचे, हीच तिघांची वाट.

थोरातांचे निधन १० ऑगस्ट १९९२ रोजी झाले. ८६ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ साली प्रसिद्ध झाले होते.

पुण्याच्या पेठांमध्ये आज हजारो मुले-मुली अभ्यासिकांत बसून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतात. चीन युद्धाची तारीख त्यांना पाठ असते, मॅकमहोन रेषा नकाशावर काढता येते. त्यांच्याच आयोगाच्या एका जुन्या अध्यक्षाने ते युद्ध तीन वर्षे आधी कागदावर मांडून दाखवले होते, हे त्यांच्यापैकी किती जणांना कोणी सांगितले असेल? अभ्यासिका चालवणाऱ्या आणि वर्गात शिकवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे : जनरल थोरातांच्या आत्मचरित्राची एक तरी प्रत आपल्या कपाटात ठेवा, आणि ‘लाल किला’चे प्रकरण मुलांकडून वाचून घ्या. उद्या वर पाठवायचे टिपण त्यांच्यापैकीच कोणाला तरी लिहायचे आहे, आणि आलेले टिपण कोणाला तरी वाचायचे आहे.