धूळपाटी आणि आमची दुपार

आमच्या राजुरीत दुपारच्या वेळी एखादी बाई पुस्तक घेऊन बसलेली दिसली की, ‘आज काम नाही वाटतं?’ हा प्रश्न ठरलेला. पोथी चालते, पेपरही चालतो. पण कथा-कादंबरी? तो शुद्ध रिकामटेकडेपणा! गंमत म्हणजे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी इथून जवळच, आळ्याला. रेडा वेद बोलला याचं केवढं कौतुक. सून वाचते याचं मात्र नाही.

म्हणून शांता शेळके मला फार जवळच्या वाटतात. आणि तशा त्या आहेतच जवळच्या. जन्म इंदापूरचा, १२ ऑक्टोबर १९२२ चा. पण घराणं आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं, मंचरचं. कवयित्री आणि गीतकार म्हणून त्यांना कोण ओळखत नाही? त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या, हे मात्र कित्येकींना ठाऊक नसतं. १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांच्याआधी तो मान दोनच बायकांना मिळाला होता, १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे आणि १९७५ मध्ये दुर्गा भागवत.

मला त्यांच्या सगळ्या पुस्तकांत आवडतं ते ‘धूळपाटी’. आपण कशा घडलो, काय वाचलं, लिहिण्याकडे कशा वळलो, हे त्यांनी त्यात सांगितलंय, तेही कसलाही आव न आणता. नावच बघा ना! पाटीवर धूळ पसरायची, बोटानं अक्षर गिरवायचं, हात फिरवला की पुसलं. पुढे हुजूरपागा, स. प. महाविद्यालय, अत्र्यांच्या ‘नवयुग’मधली नोकरी, प्राध्यापकी असं सगळं झालं, पण त्यांची पहिली शिदोरी लहानपणी घरातल्या बायकांच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या आणि गाण्यांची.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना अक्षरओळख नाही. कांदा निवडता निवडता म्हणाल्या, “मग माझ्याकडं बी हायेत की!” आणि लागल्या एकेक ओवी म्हणायला. इतक्या वर्षांत मी कधी ऐकल्या नव्हत्या.

माझी लेक वहीच्या मागच्या पानांवर गोष्टी लिहिते. दहावीचं वर्ष आहे, हे थेर बंद करा, असं पाहुणेमंडळी सुनावून गेली. मी तिला शांताबाईंची ‘चौघीजणी’ आणून दिली. लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा हा अनुवाद. त्यातली ज्यो माळ्यावर बसून लिहीत असते. लेक रोज दोन-चार पानं मोठ्यानं वाचते आणि आम्ही दोघी कांदा निवडत ऐकतो. पाहुण्यांना काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.

काल वाचन मध्येच थांबलं, तर सासूबाईंनी विचारलं, “ती ज्यो लगीन झाल्यावर बी लिहिती ना गं?”