गिलीचे तिसरे घर

कॅथरीन पॅटरसन यांची ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’ ही किशोर कादंबरी १९७८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिची नायिका गिली अकरा वर्षांची आहे. आईने लहानपणीच सोडून दिल्यामुळे तिचा सांभाळ सरकारी यंत्रणेकडे आहे आणि तीन वर्षांच्या आत ती तिसऱ्या घरी राहायला निघाली आहे. समाजसेविका मिस एलिस तिला गाडीतून घेऊन जात असते. गिली तोंडातले च्युइंगगम दाराच्या मुठीखाली चिकटवून ठेवते, म्हणजे पुढे जो कोणी दार उघडेल त्याच्या हाताला ते लागेल. हे मूल कसे आहे, ते पहिल्या काही पानांतच कळते.

दत्तक घेतलेले मूल कायद्याने त्या कुटुंबाचे होते. गिली ज्या फॉस्टर केअरमध्ये आहे त्यात तसे नसते. आईवडील ज्याला सांभाळू शकत नाहीत अशा मुलाचा ताबा यंत्रणेकडे राहतो. यंत्रणा त्याला एखाद्या कुटुंबात ठेवते, खर्चासाठी त्या कुटुंबाला ठरावीक रक्कम देते आणि देखरेखीसाठी समाजसेविका नेमते. ही सोय तात्पुरती असावी, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक मुले वर्षानुवर्षे या दारातून त्या दारात जात राहिली. मुलाला कायमचे घर मिळावे यावर भर देणारा कायदा अमेरिकेत १९८० मध्ये झाला, म्हणजे कादंबरीनंतर दोन वर्षांनी. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ खाली अशा सांभाळाची तरतूद आहे.

पॅटरसन यांना हा विषय स्वतःच्या घरात सापडला. त्यांना दोन मुलगे, शिवाय दोन दत्तक मुली. एकदा कंबोडियातून आलेली दोन मुले तात्पुरती त्यांच्याकडे राहायला आली. काही अडचण आली की ‘थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे’ असे मनाशी म्हणून आपण ती टाळत होतो, हे त्यांच्या लक्षात आले. माणसाला वापरून टाकून देण्याच्या वस्तूसारखे वागवणे ते हेच, असे त्यांना वाटले. ज्याला सगळे जगच असे वागवते त्या मुलाचे काय होत असेल, या विचारातून गिली जन्माला आली.

गिलीचा राग विनाकारण नाही. पूर्वी जिथे ती राहत होती त्या डिक्सन कुटुंबाला तिने जीव लावला होता. ते फ्लोरिडाला निघून गेले आणि तिला मागे ठेवून गेले. त्यानंतर कुणी टाकण्याआधी आपणच त्यांना नकोसे व्हायचे, हा तिचा डाव. मेरीलँडमधल्या थॉम्पसन पार्कला मेम ट्रॉटरच्या घरी पोचल्यावर ती हाच डाव मांडते. ट्रॉटर प्रचंड लठ्ठ, फारसे न शिकलेली, श्रद्धाळू बाई. तिच्याकडे विल्यम अर्नेस्ट नावाचा सात वर्षांचा बुजरा मुलगा आहे आणि शेजारचे आंधळे कृष्णवर्णीय गृहस्थ मिस्टर रँडॉल्फ रोज रात्री जेवायला येतात. गिलीला हे सगळेच हलके वाटते. वर्णद्वेष तिच्या अंगात भिनलेला आहे आणि लेखिका तो झाकत नाही. कृष्णवर्णीय शिक्षिका मिस हॅरिसला चिडवायला ती अपमानकारक भेटकार्ड बनवते. मिस हॅरिस शिक्षा करत नाही. आपल्यातही असाच राग आहे, आपल्याला तो दाबायला शिकवले गेले, तू तो बाहेर काढायला लावलास, असे सांगून ती चक्क आभार मानते. गिलीचे हत्यारच निकामी होते. या पुस्तकातला हा सर्वांत धाडसी प्रसंग म्हणावा लागेल.

विल्यम अर्नेस्टला ती कागदाचे विमान करून देते ते ट्रॉटरवर छाप पाडण्यासाठी. पण मुलगा ज्या नवलाने ते पाहतो त्याने तिचे गणित बिघडते. तरीही आईचा ध्यास सुटत नाही. आई कोर्टनी कॅलिफोर्नियात आहे, तिचा फोटो गिलीने जपून ठेवला आहे. ट्रॉटरचे घर कसे भयंकर आहे याच्या खोट्या कहाण्या रचून ती आईला पत्र टाकते, पैसे चोरते आणि बसस्थानकावर पकडली जाते. पोलीस चौकीतून तिला परत आणायला ट्रॉटर स्वतः येते. मिस एलिस तिला हलवायचे म्हणते तेव्हा ट्रॉटर तिच्याशी भांडते. आपल्यासाठी कुणीतरी भांडते आहे, हे गिली प्रथमच ऐकते.

आणि ती तिथे रुळते तेव्हा ते पत्र फळाला येते. कोर्टनीमुळे गिलीच्या आजीला नातीचा पत्ता लागतो आणि ती तिला व्हर्जिनियाला घेऊन जाते. कायद्याला रक्ताचे नाते कळते. ट्रॉटरच्या स्वयंपाकघरात जे जुळले होते त्याला कागदावर जागा नसते. नाताळात कोर्टनी येते, पण आजीने पैसे दिले म्हणून, आणि राहायला नाही. विमानतळावरून गिली रडत ट्रॉटरला फोन करते, मला घरी यायचे आहे म्हणून. ट्रॉटर तिला जवळ करते, पण बोलावून घेत नाही. तुझे घर आता आजीकडे, असे समजावते. आजीही दुःखी आहे, तिने व्हिएतनाम युद्धात मुलगा गमावला आहे. लहान वाचकाला इतका कडू शेवट देणे सोपे नव्हते. ट्रॉटरकडे परत पाठवले असते तर पुस्तक गोड झाले असते, पण गिलीसारख्या हजारो मुलांशी ते खोटे वागले असते.

कादंबरीला १९७९ मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले आणि न्यूबेरी ऑनरही. तरीही गिलीच्या तोंडच्या शिव्यांमुळे पुस्तकावर अनेक शाळांत आणि ग्रंथालयांत आक्षेप घेतले गेले. १९९० च्या दशकात अमेरिकेत सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांत त्याचे नाव होते. चोरी करणारे, खोटे बोलणारे, दुखावलेले मूल तोंडाने मात्र गोड बोलेल, तर ते खरे वाटणार नाही, हे पॅटरसन यांचे त्यावरचे म्हणणे. पुढे या कादंबरीवर चित्रपटही आला. त्यात सोफी नेलिसने गिलीची आणि कॅथी बेट्सने ट्रॉटरची भूमिका केली.