कोड खुला, पण किल्ली कोणाकडे?

२००६ च्या उन्हाळ्यात दिल्लीतले वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसींना २७ टक्के जागा मिळणार, म्हणजे 'गुणवत्ता' मेली, असा त्यांचा आक्रोश. कोणी झाडू हाती घेतला, कोणी बूटपॉलिशचे नाटक केले. आमच्या बापजाद्यांच्या कष्टांची ती टवाळी होती.

त्याच वर्षी संगणकाच्या जगात एक वेगळी गोष्ट घडली. 'ग्नोम' हा लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या, फाइली, मेनू दाखवणारा प्रकल्प. गूगलच्या उन्हाळी योजनेत काम करण्यासाठी त्यांच्याकडे १८१ अर्ज आले, आणि त्यात एकही स्त्री नव्हती. आपल्याकडचा गुणवत्तावाला असता तर 'त्यांना आवडच नसते' म्हणून मोकळा झाला असता. ग्नोमच्या मंडळींनी खास स्त्रियांसाठी वेगळी योजना जाहीर केली. सुमारे शंभर अर्ज आले! त्यातून सहा जणी निवडल्या गेल्या. वर्ष तेच, विद्या तीच. मग पहिल्या वेळी या शंभर जणी कुठे होत्या? पुढे मध्ये खंड पडला, २०१० मध्ये योजना पुन्हा उभी राहिली. आज 'आउटरीची' या नावाने ती मानधन देऊन नव्यांना कामाला लावते, आणि आता ती केवळ स्त्रियांपुरती राहिलेली नाही.

ओपन सोर्स म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी असे सॉफ्टवेअर. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी या विचाराचे काम जाहीर केले, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले. ज्ञानावर मूठभरांची मालकी नको, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण 'इथे जात कोणी विचारत नाही, फक्त कोड बघतात' हे वाक्य ऐकले की आम्ही सावध होतो. कारण तुम्ही केलेला बदल मूळ प्रकल्पात घ्यायचा की नाही, हे मेंटेनर ठरवतो. किल्ली त्याच्याकडे. तुमचे इंग्रजी मोडके असेल, पत्राला कोणी उत्तरच देत नसेल, घरात एकच संगणक आणि तोही भावाच्या अभ्यासाचा असेल, तर कोड खुला असून उपयोग काय? १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जावे लागले.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचते. ही कामे बहुधा फुकट होतात. फुकट राबणे आम्हाला नवे नाही; महारकीच्या वतनाविरुद्ध बाबासाहेब वर्षानुवर्षे लढले. तेव्हा आमच्या पोरांना 'या, हौसेने काम करा' असे सांगणाऱ्याला आम्ही दोन प्रश्न विचारणारच. फरक एवढा की वेठीचे फळ गावाच्या धन्याला जाई, इथे केलेले काम सर्वांचे राहते. पण त्यावर मोठ्या कंपन्या पैसा कमावतात आणि सांभाळणारा एकटा पडतो, हेही खरेच. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारे साधन एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एकाने वर्षानुवर्षे विश्वास मिळवला आणि त्यात चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकले, म्हणून ती सापडली.

मग आम्ही यात पडावे कशाला? आमच्या कपाटात बघा. नव्वदच्या दशकापासून चळवळीच्या किती पुस्तिका, स्मरणिका, अंक विकतच्या मराठी फाँटांत जुळवले गेले! त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फाँट गेला, डोंगल हरवला, की फाइल उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर आमचा, कुलूप दुसऱ्याचे.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी खुली साधने आहेत, पण ती अडखळतात. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराआधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. 'कार्यकर्ता' बिघडतो, 'पुढाऱ्यांनी' तर हमखास बिघडतो, कारण हा अर्धा र मराठीचा खास, हिंदीसाठी साधन बनवणाऱ्याच्या तो ध्यानीमनीही नसतो. कोणत्या फाँटात कोणत्या कळीवर कोणते अक्षर होते, याचा तक्ता प्रत्येक फाँटासाठी वेगळा करावा लागतो. त्याला अभियंता लागत नाही. आमच्या वस्त्यांतल्या ज्या पोरापोरींनी वीस-वीस वर्षे डीटीपी केले, लग्नपत्रिकांपासून जयंतीच्या स्मरणिकांपर्यंत सारे जुळवले, त्यांच्या बोटांत तो तक्ता अजून आहे. चुकलेला शब्द, मूळ फाइल आणि बरोबर शब्द, एवढे तिघे एकत्र करून मेंटेनरला पाठवले की पहिले काम झाले. उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवावे. तरीही आले नाही, तर परवाना परवानगी देतो: प्रत घ्यावी आणि आपला प्रकल्प आपण चालवावा.