होईल का आणि करावी का?

मला बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. आज मात्र मी मोटारीच्या इंजिनाविषयी बोलणार आहे. त्यातला मी जाणकार नाही. पण जुनी गाडी असलेल्या कुणावरही येऊ शकेल असा एक प्रसंग माझ्यावर आला आणि त्यातून जे शिकलो, ते चारचौघांना सांगावं असं वाटलं.

२०२५ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. आमची अम्मी रत्नागिरीला खालाकडे गेली होती. तिला आणायला मी आमची २००८ सालची मारुती ८०० घेऊन गेलो. परतताना आंबा घाटात ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. चढावर तापमानाचा काटा वर सरकला. मी मनाशी म्हटलं, घाटमाथ्यावर थांबू. थोड्या वेळानं काटा आपोआप खाली आला आणि मला बरं वाटलं. पुढच्याच वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली, खडखड आवाज झाला आणि गाडी बंद पडली. ऐंशी पार केलेली अम्मी दोन तास रस्त्याकडेच्या दगडावर बसून होती. शेवटी एका एसटीनं तिला घेतलं आणि मी गाडी टोचन करून कोल्हापूरला आणली.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी आधी मलाच फैलावर घेतलं. "शायर, काटा खाली आला म्हंजे इंजिन निवलं न्हवं. पाणीच संपलं, मग काट्याला कळणार कसं?" रबरी पाइप फुटून पाणी वाहून गेलं होतं. पाण्यात बुडालेलं असेल तरच तापमान मोजणारं यंत्र खरं सांगतं. काटा चढला की चढ असो, उतार असो, गाडी तिथंच बाजूला घेऊन बंद करायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही. पुन्हा पुन्हा सेल मारून बघण्यानं तर नुकसान वाढतं. मी तो चारदा मारून बघितला होता.

कोल्हापुरात गाडी बंद पडणं हे एका अर्थी नशीबच. उसाच्या मळ्यांसाठी ऑइल इंजिनं घडवणारं हे गाव. इथल्या फाउंड्रीत देशभरच्या वाहनांसाठी ओतकाम होतं. बाबूराव पेंटरांनी मूकपटासाठी कॅमेरा तयार केला तोही इथंच. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा आम्ही सगळे ती कौतुकानं बघतो. अशा गावात 'दुरुस्त होईल का?' या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'होईल की' असंच येतं. आणि फसगत होते ती तिथंच. कारण आपल्यापुढचा खरा प्रश्न 'करावी का?' हा असतो आणि त्याचं उत्तर मिस्त्रींनी द्यायचं नसतं.

ते उत्तर शोधायला आधी नेमकं काय मोडलं ते कळायला हवं. मिस्त्रींनी प्रथम पाना लावून इंजिन हातानं फिरवून पाहिलं. ते फिरलं, म्हणजे आत सगळं जाम झालं नव्हतं. मग तेल पाहिलं. ते दुधाळ चहासारखं झालं होतं, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. ते ॲल्युमिनियमचं असतं आणि फार तापलं की वाकतं. मग हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट जळतं. नुकसान एवढंच असेल तर हेड मशीनवर सपाट करून काम भागतं. पण आतल्या सिलिंडरला चरे पडले असतील तर रिबोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग असं सगळं निघतं. नुसत्या हेडच्या कामाला अठरा हजार आणि फुल इंजिनला पंचेचाळीस हजार, असा अंदाज मिस्त्रींनी दिला. विम्याची आशा नव्हतीच. अपघात नसताना झालेला यांत्रिक बिघाड नेहमीच्या विम्यात बसत नाही.

तिसरी वाट जुनं इंजिन आणून बसवण्याची. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी तशी इंजिनं बाजारात मिळतात. पण त्याचं पक्कं बिल हवं आणि नवा इंजिन नंबर आरटीओत नोंदवून आरसी बुकात चढवायला हवा. नाहीतर चोरीचा माल आपल्या गळ्यात पडायचा.

रात्री मी कागद घेऊन बसलो. चालू स्थितीत अशा गाडीला पन्नासेक हजार आले असते. बंद गाडीचे पंधरा हजार द्यायला एकजण तयार होता. म्हणजे फुल इंजिन करायचं तर पंधरा हजारांचा सांगाडा आणि वर पंचेचाळीस, असे साठ हजार घालून पन्नास हजारांची वस्तू घ्यायची. तो विचार मी तिथंच सोडला. हेडचं काम केलं तर तीच वस्तू तेहतीस हजारांत पडत होती. गेल्या वर्षी घातलेले टायर आणि बॅटरी यांचे पैसे मी हिशेबात धरत होतो, ते मुलीनं खोडले. ती म्हणाली, "अब्बा, ते गेले. आता पुढं किती लागतील तेवढंच धरा."

पुढचा हिशेबही मांडला. अम्मीला आठवड्यातून दोनदा व्यायामोपचारांसाठी न्यावं लागतं. रिक्षानं महिन्याला दोन हजार. गाडी दुरुस्त करून दोन वर्षं चालली, तर दुरुस्तीचे महिन्याला साडेसातशे, पेट्रोल आणि विमा मिळून बाराशे. बेरीज जवळपास तेवढीच! दोन्ही पारडी सारखी.

कायदाही बघितला. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २०२२ पासून ही फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. २०२५ च्या नियमानं वीस वर्षांपुढच्या मोटारीला ती दहा हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. आमच्या गाडीला २०२८ पर्यंत मुदत आहे. मोडीत काढायची तर २०२१ च्या धोरणानुसार अधिकृत केंद्रातच द्यावी. तिथल्या दाखल्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात सवलत मिळू शकते. कुणालाही भंगारात देऊन मोकळं झालो, तर नोंदणी आपल्याच नावावर राहते.

आता राहिली ती माझी अडचण. कवितासंग्रहासाठी मी चाळीस हजार बाजूला ठेवले होते. अम्मी म्हणाली, "मला गाडी नको. तू पुस्तक काढ." पण तिच्या दम्यासाठी एकदा रात्री दोन वाजता याच गाडीतून दवाखाना गाठला होता, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. बरोबरीत सुटलेला हिशेब त्या आठवणीनं एका बाजूला झुकवला.

सकाळी मिस्त्रींना सांगितलं, "हेड उघडा. वीस हजारांच्या आत बसलं तर करा. त्यापुढं जात असेल तर मला विचारल्याशिवाय हात लावू नका." इंजिन उघडण्याआधीच हा आकडा ठरवणं फार गरजेचं. एकदा पार्ट जमिनीवर मांडले गेले की 'आता एवढं केलंच आहे तर' म्हणत माणूस वाहवत जातो.

सिलिंडर शाबूत निघाले. हेड सपाट केलं, गॅस्केट, सगळे पाइप आणि थर्मोस्टॅट नवे घातले. बिल एकोणीस हजार दोनशे झालं. गाडी आता फक्त शहरात चालते. तिला ना एअरबॅग ना एबीएस, आणि अम्मीला घेऊन पुन्हा घाट चढायचा नाही. रत्नागिरीला एसटीनं जातो. पुढचा मोठा खर्च निघाला तर गाडी मोडीत द्यायची, हेही घरात सगळ्यांसमोर ठरलं आहे.

पुस्तक लांबलं आहे. दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना मी बॉनेट उघडून पाणी आणि तेल बघतो. अम्मी खिडकीतून विचारते, "आहे का रे पाणी?" मी म्हणतो, "आहे." त्यानंतरच आमचा चहा होतो.