गाडीचा उंबरा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जांबोटीच्या पुढे आमच्या शेताकडे जाणारी वाट म्हणजे जुलैमध्ये नुसता चिखल आणि मधूनमधून डोकं वर काढलेला जांभा दगड. गाडी थार, तीन दारांची. शेजारच्या सीटवर सासूबाई. त्या धारवाडकडच्या, म्हणून घरात लहानथोर सगळेच त्यांना अव्वा म्हणतो. एका वळणावर मागचं चाक घसरलं, गाडी डावीकडे सरकली आणि कर्रकन दगडावर टेकली. जमिनीपासून गाडीची उंची २२६ मिलिमीटर, हा आकडा मी पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असे. पण सरळ जाताना कामाला येणारी ही उंची गाडी आडवी घसरली की काय उपयोगाची?

दाराखालचा पत्र्याचा उंबरा आत दबला आणि डावं दार उघडेना. दोन्ही गुडघे धरलेल्या अव्वांना गिअरच्या दांड्यावरून माझ्या बाजूला सरकून भर पावसात उतरावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गंमत म्हणजे त्या बाजूला पायरी होती! ॲक्सेसरीच्या दुकानातली, चकचकीत. पण ती पातळ पट्ट्यांवर टांगलेली. दगड लागताच ती वर वाकली आणि तिनेच उंबरा दाबला. बंपर बोल्ट काढून बदलता येतो. उंबरा हा बॉडीचाच भाग, तो कापून नवा वेल्ड करावा लागतो. खर्चाचा आकडा सौ.ला अजून पूर्ण सांगितलेला नाही.

मग रॉक स्लायडरची चौकशी सुरू झाली. स्लायडर म्हणजे दाराखाली लांबीभर बसवलेला जाड पाइप. दगडावर गाडी टेकली तर भार पत्र्याने नव्हे, याने घ्यायचा आणि गाडी त्यावरून घसरत पुढे जायची. उद्यमबागेतल्या एका जुन्या फॅब्रिकेटरने माझं सगळं ऐकून एकच वाक्य सांगितलं, "चेसिसिगे हाकरी, बॉडीगे ब्याड." चेसिसला बसवा, बॉडीला नको. निम्मी निवड इथेच झाली. ज्याच्याखाली जॅक लावून त्या बाजूची चाकं उचलता येत नाहीत तो स्लायडर नव्हे, पायरी.

माझा कल वेल्डिंगकडे होता. एकदा चिकटवलं की काळजी मिटली! त्याने ते मोडून काढलं. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिसचा आतला रंग जळतो आणि गंज तिथूनच धरतो. आपल्याकडच्या पावसात तर लवकरच. शिवाय वाकलेला स्लायडर बदलायचा तर पुन्हा कापाकापी. बोल्टचा असला तर सुटतो. मात्र चेसिसला नवी भोकं पाडायची नाहीत. चेसिस आतून पोकळ असतो. भोक पाडून बोल्ट आवळला की तो चेपतो. कंपनीची मूळ भोकं वापरायची आणि जिथे ती नाहीत तिथे वरून-खालून जाड प्लेटमध्ये चेसिस धरायचा. प्रत्येक बाजूला निदान तीन पाय हवेत. चेसिसच्या कडेने ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात, त्यांवर प्लेट टेकत नाही ना, हे मी स्वतः खाली झोपून बॅटरीच्या उजेडात पाहिलं.

पाइप दीड इंची, सी-क्लास, म्हणजे भिंत ४ मिमीची. खाली पाणी निथळायला भोकं. पावडर कोटिंग दिसायला छान, पण दगडाने टवका उडाला की त्याच्याखाली गंज पसरत जातो. आम्ही प्रायमर मारून साधा काळा रंग दिला. ओरखडा पडला की घरीच ब्रश फिरवायचा.

खरा वाद झाला तो कोनावर. बाहेरचा पाइप थोडा वर उचललेला असेल तर दगडावर कमी अडकतो आणि झाडाचा बुंधा दाराला लागण्याआधी पाइपला लागतो. पण वर उचललेल्या गोल पाइपवर अव्वांचा पाय कसा ठरणार? चिखलाची चप्पल, त्यात गुडघे. शेवटी आतला आणि बाहेरचा पाइप यांच्यामध्ये खडबडीत चेकर्ड प्लेट बसवली. वजन थोडं वाढलं. वाढू दे.

कायद्याचंही पाहावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये गाडीपुढच्या बुल बारविरुद्ध राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. बाजूचा पाइप आहे म्हणून आपण सुटलो असं धरू नये. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारावं. रुंदी वाढेल असं काही मी बसवू दिलं नाही.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायला सांगितले होते. मी आळस करणार होतो. पाना लावला तर एक नट पाव फेरा फिरला.

गणपतीत अव्वांना घेऊन पुन्हा शेतावर गेलो. त्यांनी प्लेटवर पाय दिला, दाराच्या वरचं हँडल धरलं आणि चढून बसल्या. बसल्यावर म्हणाल्या, "इन्नू एरडु बोट्टु केळग इरबेकित्तु." अजून दोन बोटं खाली हवं होतं. दोन बोटं खाली घेतलं असतं तर त्या वळणावरचा दगड पुन्हा लागला असता, हे त्यांना काही मी सांगितलं नाही. आता डिकीत एक लाकडी पाट असतो.